मोटेचं चामडं

विहिरींवर अजून मोटा चालायच्या, तेव्हाची गोष्ट. वाशीमच्या एका वकिलांनी बिलियर्डची काठी माझ्याकडे पॉलिशला दिली. मी औतं घडवणारा सुतार. तसली काठी पहिल्यांदाच बघत होतो. टोकाला चामड्याचा तुकडा चिकटवलेला दिसला. कोण्या लबाडानं फुटकं लाकूड झाकलंय, म्हणून चिडून मी तो तासून टाकला. मग चपड्याच्या पॉलिशचे सात हात दिले.

वकील आले. "काहून तासलं बाप्पा? चेंडू त्यानंच तर मारतात!"

मी तसाच धावलो. शेजारच्या चांभाराकडून जुन्या मोटेचं चामडं कापून आणलं आणि टोकाला बसवून दिलं.

आठवड्यानं वकील काठी घेऊन पुन्हा दारात. मी मान खाली घातली.

"हे दुसरी हाय," ते म्हणाले. "इचंबी तासून टाक, अन् मोटेचंच बसव."