डबा रिकामा आला

निर्मळहून विरारचं चंदनसार म्हणजे काही परदेश नव्हे. रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा, एवढाच काय तो प्रवास. पण तिथे राहणाऱ्या आमच्या नातीला भेटायचं तर आम्हाला कोर्टावरून वळसा घालून जावं लागलं. मुलाचा घटस्फोट झाला, तो दुबईला गेला आणि तिथे त्याने नवा संसार थाटला. सून नातीला घेऊन चंदनसारला आपल्या आईकडे राहायला गेली. नातवंडं म्हणजे दुधावरची साय, असं आपल्यात म्हणतात. आमचं दूध उतू जाऊन दुबईला पोचलं आणि साय विरार पूर्वेला राहिली.

सुनेचा राग मुलावर होता आणि तो रास्तच होता. पण मुलगा हाताशी नव्हता, आम्ही होतो. तिने आमचे फोन घेणं बंद केलं. नात पहिलीत गेली, हे आम्हाला भाजीवालीकडून कळलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मला गावात कुणी शहाणा म्हणत नव्हतंच, तेव्हा मी चढलो.

वकील तरुण होता. म्हणाला, "काका, आजी-आजोबांना भेटीचा हक्क आहे, असं कायद्यात कुठे सरळ लिहिलेलं नाही. कोर्ट मुलीचं हित बघतं. तिला तुमचा लळा होता, हे दाखवावं लागेल." म्हणजे आजोबा असून भागत नाही, त्याचा पुरावा लागतो. बायकोचे नातीबरोबरचे फोटो ढिगाने निघाले. न्हाऊ घालताना, केळीच्या बागेत, देवळाच्या पायरीवर. माझा एकही नाही, कारण काढणारा मीच. दोन-तीन फोटोंत कोपऱ्यात माझं बोट तेवढं आलं होतं. वकिलाने तेही जोडले.

कोर्टाने महिन्यातले दोन शनिवार दिले, तेही कोर्टाच्याच आवारातल्या मुलांच्या खोलीत. तिथे एक प्लास्टिकची घसरगुंडी होती आणि भिंतीवर रंगवलेला ससा होता. सशाला रंगाऱ्याने वाघाच्या मिशा काढल्या होत्या. एक समुपदेशक बाई कोपऱ्यात बसून आमच्या प्रेमावर लक्ष ठेवत. सून बाहेरच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून बसे.

पहिल्या भेटीला बायकोने सुकेळी नेली. राजेळी केळी सोलून आमच्या गच्चीवर उन्हात वाळवलेली, सुक्या पानात गुंडाळलेली. बाईंनी बाहेर जाऊन सुनेला विचारलं, तिने मान हलवली आणि डबा उघडला गेला. शाळेतून परस्पर आलेली नात दप्तर न उतरवताच आधी डब्याला चिकटली, मग आजीला. माझा नंबर शेवटी लागला. उरलेली सुकेळी डब्यासकट तिच्या दप्तरात गेली.

"डबा राहिला," मी परतताना म्हणालो.

"विसरले," बायको म्हणाली.

ही बाई प्रत्येक वाटीवर नाव घालून घेते आणि कुणाकडे कोणता चमचा आहे ते झोपेतही सांगते. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या पुष्कळ पाहिल्या. भांडं मुद्दाम विसरणारी हीच.

पुढच्या शनिवारी नातीने दप्तरातून डबा काढून दिला. स्वच्छ घासलेला आणि आत साखर. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. लग्नानंतर सुनेने शेजारणीची वाटी नुसती धुऊन दिली होती, तेव्हा बायकोने तिला चांगलंच सुनावलं होतं. नवरा सुटला, सासर सुटलं, हे वळण मात्र तिने सोडलं नव्हतं.

मग आमचे दोन व्यवहार सुरू झाले. कागदावर तिचा वकील लिहीत होता की अर्जदार आजी उघड्यावर वाळवलेले पदार्थ देऊन बालिकेच्या आरोग्याशी खेळत आहे. डब्यात कधी गूळ येत होता, कधी चकली. या साखरेचा अर्थ काय, असं मी वकिलाला विचारलंही. तो म्हणाला, "काका, साखर रेकॉर्डवर घेता येत नाही."

आणि एका शनिवारी डबा रिकामा आला.

बायकोने झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. घरी आल्यावर म्हणाली, "तोडलं तिने." माझं डोकं फिरलं. मी वकिलाकडून अर्ज ठोकला की आई मुलीला आमच्यापासून मुद्दाम तोडते आहे, सुट्टीभर तिला निर्मळला पाठवावं. सूनही काही कमी नाही. तिने उलट अर्ज केला की भेटी पूर्ण बंद कराव्यात. सुट्टी मागायला गेलो आणि हातातले दोन शनिवारही जायची वेळ आली. बायको जेवेना. मला माझ्या संतापाचाच संताप यायला लागला.

तारखेला न्यायाधीशबाईंनी सगळ्यांना चेंबरमध्ये बोलावलं. नातही होती, आईच्या खुर्चीमागे.

"आजोबा, सगळं सुरळीत चाललं होतं. मध्येच काय बिघडलं?"

वकिलाने टेबलाखालून माझा पाय दाबला. तरी मी बोललोच. "डबा रिकामा आला."

टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. इतक्या तारखांमध्ये माझं म्हणणं पहिल्यांदाच सगळ्यांना एका वाक्यात कळलं होतं. सुनेचा स्वतःचा वकीलसुद्धा तिच्याकडे बघायला लागला.

सून ताडकन उठली. माझ्याकडे नाही, बायकोकडे बघून म्हणाली, "आई, मी रिकामा डबा पाठवेन? रव्याचे लाडू होते त्यात!"

तोवर आम्ही तिच्यासाठी फक्त अर्जदार होतो. 'आई' तिच्या तोंडून गेलं आणि ते तिच्याही लक्षात आलं. ती खाली बसली.

खुर्चीमागून आवाज आला. "ते मी काढून दप्तरात ठेवले."

"म्हणून त्या मुंग्या!" सून म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी नातीला जवळ बोलावलं. "का गं काढलेस?"

नातीला हा प्रश्नच समजेना. एवढी मोठी माणसं बसली आहेत आणि एवढं साधं विचारतात, असा तिचा चेहरा झाला.

"भरलेला डबा दिला तर आजी सुकेळी कुठे ठेवणार?"

बायकोने पदर तोंडाला लावला. मला रडू आवरेना आणि त्याची लाजही वाटेना. न्यायाधीशबाईंनी दोन्ही वकिलांना अर्ज मागे घ्यायला सांगितलं. दोन शनिवार कायम राहिले. हक्काचं म्हणाल तर कायद्यात अजूनही सरळ काही लिहिलेलं नाही.

बाहेर आलो तर सून त्याच बाकावर बसली होती, या वेळी आमच्याकडे तोंड करून.

"आई," ती म्हणाली, "शनिवारी दोन डबे आणा."