निजलेला अलिफ

माझ्या चित्रांत नुसत्या आडव्या रेघाच का असतात, असं घरी येणारे अजूनही विचारतात. मला नीट सांगता येत नाही. शाळा सातवीतच सुटली, आणि शिकलेल्या माणसांसमोर बोलायचं म्हटलं की या वयातही तळहाताला घाम फुटतो. लिहायला बसलं की जरा बरं पडतं.

परभणीकडचं गाव सोडून मी सिकंदराबादेत आलो, तेव्हा स्टेशनजवळ पाट्या रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या पेंटरनं मला ठेवून घेतलं. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझी जात विचारली नाही की गाव विचारलं नाही. "खाना खाए क्या, मियाँ?" एवढंच विचारलं. ते मी आजवर विसरलो नाही.

मग पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं आणि त्याबरोबर उस्तादांचं कामही. त्यांचे उर्दू हर्फ, म्हणजे अक्षरं, बघायला लोक रस्त्यात थांबायचे, पण आता उर्दू पाटी कुणाला नको होती. आम्ही दोघं दुकानात बसून धुतलेलेच ब्रश पुन्हा धुवायचो. अशात काचीगुड्याच्या एका मराठी वकिलांनी दारावर लावायला मराठीत पाटी सांगितली.

उस्तादांना मराठी वाचता येत नव्हतं. ते मला म्हणाले, "अब तुम्हारे हर्फों के दिन आए, मियाँ. ये पाटी जमी तो दुकान रहता. नै तो मैं बेटी के घर, तुम अपने गाँव."

गावी भावांच्या संसारात मला जागा नव्हती. हे त्यांनाही माहीत होतं.

माझी शाळा उर्दूतली. मराठी मी घरी, चुलत्याकडून शिकलेलो. अक्षरं बरी यायची, पण वरची रेघ ओढताना हात कापायचा. म्हणून मी पत्र्यावर खडूची दोरी ताणून खूण पाडली. आधाराची खूण उस्तादांना चालायची नाही; त्यांनी ती बाहीनं पुसून टाकली.

"ये क्या था ऊपर?"

"हिला अक्षरं लटकतात, उस्ताद. आमच्यात अशी रेघ असते."

मी बोटानं पत्र्यावर ती आडवी ओढून दाखवली. ते हसले. "अरे, ये तो अलिफ है! बस, सो गया है."

अलिफ म्हणजे उर्दूतलं पहिलं अक्षर, एक उभी रेघ. उस्ताद एका पिराचे मुरीद, म्हणजे शिष्य होते. दर गुरुवारी दर्ग्यात जाऊन श्वासाश्वासाला अल्लाचं नाव घेत बसायचे. अलिफसुद्धा तसाच ओढायचा, ही त्यांच्या पिरांची शिकवण. एक श्वास सोडायचा, त्यात नाव घ्यायचं, तेवढ्यात रेघ पुरी करायची. पुन्हा तिला हात लावायचा नाही. पटली तर ठेवायची, नाही तर सगळी पुसायची.

"पण मी अल्लाचं नाव कसं घेऊ?" मी घाबरत विचारलं.

"तेरे देव का ले. साँस कोई एक का है क्या?"

मला आमच्या गावचा म्हसोबा आठवला. पण म्हसोबा कडक. त्याचं नाव घेतल्यावर हात जास्तच थरथरला.

"दूसरा कोई नै क्या?" उस्ताद वैतागले. "इत्ते सारे हैं ना तुम्हारे पास!"

मी मारुती घेतला, देवी घेतली. पत्रा पुसून पुसून चिंधी रंगानं जड झाली. शेवटी नावच सोडलं. नुसता श्वास सोडत ब्रश नेला आणि रेघ निघाली. मधे जराशी झुकलेली, शेवटाला हलकेच वर गेलेली. मी घाईनं ती सारखी करायला गेलो तर उस्तादांनी मनगट धरलं.

"नक्को."

पाटी घेऊन आम्ही काचीगुड्याला गेलो. वकीलसाहेबांनी ती उजेडात धरली. "रेघ वाकलीय हो ही. पट्टी नव्हती का तुमच्याकडे?" आणि त्यांनी आतून फूटपट्टी मागवली.

माझ्या डोळ्यांसमोर गावाकडची गाडी उभी राहिली.

फूटपट्टी घेऊन त्यांच्या मंडळी बाहेर आल्या. त्यांनी आधी पाटी बघितली आणि फूटपट्टी हातातच ठेवली.

"ऐकलंत का, राहू द्या तशीच. दांडीवर ओली धोतरं घातली की दांडी अश्शीच झुकते. मला बरी वाटते."

"आधी काय लिहिलंय ते वाच तर खरं!"

"वाचू कशी? तुमचंच नाव आहे की!"

नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं. वकीलसाहेब मोठ्यानं हसले. "बरं बाई, मीच वाचतो," म्हणाले, आणि अंगणात उभं राहून त्यांनी स्वतःचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. एकदा वाचून समाधान झालं नाही बहुतेक, कारण पुन्हा वाचलं. मग गड्याला म्हणाले, "खिळे आण."

परतताना उस्ताद म्हणाले, "कल जल्दी आव. अपने दुकान का बोर्ड करना है. ऊपर मेरा अलिफ खड़ा, नीचे तेरा सोया हुआ."

त्यानंतर मी गावी गेलो तो पाहुणा म्हणूनच.

पाट्यांचं काम सुटलं तरी रेघ सुटली नाही. आता तिच्याखाली अक्षरं लटकवत नाही, एवढंच. एक श्वास, एक रेघ, आणि पुन्हा हात लावायचा नाही. कुणी म्हणालं की मधे झुकलीय, तर मी होय म्हणतो आणि चहा टाकायला सांगतो.