लंडनची एक सकाळ

मनकर्णाबाईंचा सत्कार आधी झाला आणि लंडनचा कार्यक्रम हातात नंतर पडला, तिथंच सगळी गोची झाली.

अकोल्याच्या जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाणाऱ्या बायांना एकत्र करून बाईंनी मालकाकडून मास्क आणि संडास भांडून घेतले होते. ते लंडनच्या एका सभेत सांगायला पुण्याची एक संस्था त्यांना तीन दिवस तिकडे नेणार होती. बातमी वस्तीत पोचली, विहारात शाल-श्रीफळ झालं. विहाराचं काम पाहणाऱ्या शेषरावांनी भोंग्यावरून जाहीरही करून टाकलं, "आपली मनकर्णा बाबासाहेब शिकताना राहिले त्या घरी जाऊन वंदन करणार!" बाईंनीही ताठ मानेनं हो म्हटलं. संस्थेला विचारतो कोण?

आज कार्यक्रम आला. सभा, देणगीदारांसोबत जेवण, बसमधून राजवाडा. त्या घराचं नावही नाही.

घराच्या ओट्यावर जिनिंगच्या बाया बसलेल्या. बाईंनी त्यांच्यासमोरच फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे संस्थेच्या गीतांजली.

"मॅडम, बाबासायबाचं घर कुठी आहे यात?"

"मनकर्णाताई, वेळच नाही हो. पुढच्या वेळी नक्की."

"पुढची वेळ तुमाले असते. आमाले कोन बोलावते दुसऱ्यांदा?"

"असं काय बोलता?"

"मंग कसं बोलू? राजवाडा पाहाले येऊन राहिली काय मी? मालकाचा बंगला रोजच दिसते मले!"

बायांतली पंचफुला फसकन हसली. फोनवर मात्र कुणी हसलं नाही.

"हे बघा, जमत नसेल तर आत्ताच सांगा. नांदगाव पेठच्या नीलमचेही कागद तयार आहेत."

बाईंची कानशिलं तापली. 'ठेव तुझं लंडन तुझ्यापाशी' अगदी ओठांवर आलं. पण मग जिनिंगचं कोण सांगणार? आणि विहारात तोंड कसं दाखवणार? बाईंनी राग गिळला. तशी सवय नव्हती त्यांना.

"सभा कवा आहे?"

"पोचाल त्याच दिवशी. दुपारी."

"अन् विमान?"

"पहाटे उतरतं. मधे आराम ठेवलाय तुमच्यासाठी."

"नोको मले आराम. थैली घेऊन तिथूनच जाईन त्या घरी."

"एकट्या? सोबत माणूस देता येणार नाही. आणि सभेला उशीर झाला तर तुमच्याशिवाय सुरू होईल. थांबणार नाही कुणी."

बाईंनी एकदा ओट्याकडे पाहिलं. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर.

"नोका थांबू. मी येईन."

पलीकडे बराच वेळ कुजबुज चालली. मग, "ठीक आहे. लिहिते तसं. जबाबदारी तुमची."

एकच गलका झाला. "आमची बाई कोनाले भेते काय वं!" म्हणत पंचफुलानं बाईंच्या पाठीत धपका घातला. बाई हसत सगळ्यांना फाटकापर्यंत पोचवून आल्या आणि आत येताच खाटेवर बसल्या.

सून रागिणी पाणी घेऊन आली. "आई, तिथं विचारसान कोनाले? अन् कसं?"

"दार लाव आधी," बाई हळूच म्हणाल्या. "आता तुया मोबाईलात नकाशा काढ. विमानातून उतरली का कोनत्या बाजूनं जायाचं, तिथून दाखव. दमानं दाखव. अन् पंचफुलाले सांगू नोको."