पालथी पडले तेव्हा

कॉलेजात असताना माझी देवावरची श्रद्धा पार उतरणीला लागली होती. डाव्या कुशीत कळ यायची, लघवी अधूनमधून लाल व्हायची. पालघरच्या डॉक्टरांनी आधी मुतखडा म्हटलं. सोनोग्राफीत खडा सापडेना, तेव्हा परीक्षेचं टेन्शन म्हटलं. माझं मूत्रपिंड जाणार, ही धास्ती आईनं घेतली. ती पालघरजवळच्या आमच्या माहीमच्या गावदेवीला नवस बोलली, पोर बरी होईपर्यंत पोरगी मासळीला शिवणार नाही. कोळ्याची पोर आणि वरणभात! अंगणात बोंबील वाळायचे नि मी ताटातली भेंडी चिवडायची. अंगावरचं मांस उतरलं, तशी कळ वाढतच गेली.

एका मंगळवारी आम्ही ओटी भरायला गेलो. रांगेत उभं राहून अशी कळ आली की देवीसमोर मी सरळ पालथी पडले. आई कानाशी पुटपुटली, "ऊठ गो! बायका असा साष्टांग घालतात काय?" पण पडल्यापडल्या कळ ओसरली. उठावंसंच वाटेना. मनात म्हटलं, मला काही कळत नाही, आता तूच बघ.

आई मागच्या बाईंना ओशाळून सांगत होती, "पालथी पडली का बरं वाटतं तिला. उभी ऱ्हायली का परत हाय तेच."

त्या बाई बोईसरला नव्यानं आलेल्या डॉक्टर निघाल्या. ओटीचं ताट हातात तसंच धरून त्यांनी विचारलं, "हिला उभं करून कुणी तपासलंय का?"

सगळ्यांनी झोपवूनच तपासलं होतं. उभ्यानं केलेल्या डॉपलर सोनोग्राफीत दिसलं आणि सीटी स्कॅननं पक्कं झालं: डाव्या मूत्रपिंडाची शीर दोन धमन्यांच्या मध्ये चिमटली जात होती. क्वचित सापडणारा आजार, बारीक अंगाला जास्त छळणारा. "ऑपरेशन नको, आधी वजन वाढव," बाई म्हणाल्या. आईला नवस आठवला आणि तिचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी ती देवीशी भांडलीच. "आई, नवस माज्यावर घे. मी नाय खानार. पोरीला खाऊ दे."

कळ जायला बरेच महिने लागले. तेवढे महिने ती मला बोंबील तळून घालायची आणि माझ्या वाटची भेंडी स्वतः खायची.

आज आई नाही. त्या बाईंना देवीनं धाडलं की त्या आपसूक आल्या, यावर मी वाद घालत नाही. दोघींचे उपकार मानते. ताठ उभी राहून मागत होते तोवर दुखतच होतं, एवढं मला कळलं. अजूनही देवळात मी पालथीच पडते. आणि मागून कुणीतरी "ऊठ गो!" म्हणेल, म्हणून जरा जास्तच वेळ पडून राहते.