कमळाची गाडी आणि टर्बोचा सांधा

वडप्याच्या पुलाचा चढ भरलेल्या गाडीला मनात आलं तरच वर सोडतो. त्या सकाळी त्याने कमळाला सोडलं नाही. मागे गोडाऊनच्या बायका दाटीवाटीने बसलेल्या. तिने पाय दाबला, पण गाडीला जोरच येईना. बॉनेटखालून फस्स असा आवाज, मागे काळा धूर, आणि धुरामागे कंटेनरवाल्यांचे हॉर्न. एकाने काच खाली करून ओरडून घेतलं, "अरे, औरत को गाडी किसने दी?"

बायका उरलेली वाट पायी गेल्या. उशीर झाला की गोडाऊनचा वॉचमन माणूस ओळखत नाही. त्याने गेट उघडलं नाही, तशाच माघारी आल्या. कमळाकडे न बघताच परत गाडीत चढल्या, आणि तेच तिला जास्त लागलं.

कमळा पंढरीची बायको. पंढरी ट्रेलर चालवतो, घरी पाहुण्यासारखा येतो. दारातली डिझेल गाडी धूळ खात होती, ती कमळाने हट्टाने शिकून घेतली. जिथे तिने भाताची आवण लावली त्या खाचरांवर आता गोडाऊनं उभी आहेत, आणि तिथे कामाला जाणाऱ्या गावच्या बायकांना तीच ने-आण करते. स्टेअरिंगवर हात ठेवला की तेवढा वेळ ती कुणाची सून नसते, कुणाची वहिनी नसते.

गाडी रखडत अंगणात आली तेव्हा दीर हितेश हात पुढे करूनच उभा होता.

"वैनी, चावी दे. टर्बो हाय तो, चुलीवरचा तवा न्हाय. उद्यापासून मी चालवतो."

"माझ्या हातानं काय बिघडला?"

"बायका क्लचवर पाय ठेवून बसतात. सगळ्यांना म्हाईत हाय."

"दे गं त्याला," ओटीवरून सासू म्हणाली. "गाव हसतंय."

"हसू दे. आधी बघते."

इंजिन थोडं निवल्यावर तिने बॉनेट उघडलं. शेजारची आक्का अजून गाडीतच बसून होती. तिला पुढे बोलावून कमळाने इंजिन चालू केलं आणि ॲक्सिलरेटर दाखवला.

"दाब, आक्का. हळू."

"दाबते गं, पन गाडी उडली तर?"

"उडली तर गोडाऊनात उतर. उशीर तरी व्हनार न्हाय."

आक्काने दाबलं. टर्बोने दाबलेली हवा इंजिनकडे नेणारा जाड रबरी पाईप थरथरला, आणि सांध्यापाशी कमळाच्या तळहातावर गरम वारा आला. तिने वाकून पाहिलं. सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, गच्च वेढे देऊन, खाली गाठ मारलेली.

ती गाठ तिने घरच्या वांग्याच्या मळ्यातल्या पंपावर रोज पाहिली होती. या गावांत पाईप कुठलाही गळो, खाली काय सुटलंय ते कुणी बघत नाही. वरून ट्यूबची पट्टी आवळतात. पाणी त्या पट्टीचं ऐकतं. टर्बोची तापलेली, तेलकट हवा ऐकत नाही.

"हितेश, ह्याला हात कधी लावलास?"

"परवा. फुसफुसत व्हता, मी बांधला. उपकार मान."

"बांधलास, आनि मला सांगितला न्हाय. गाडी थांबली की माझा पाय वाईट, व्हय रं?"

हितेशने आईकडे पाहिलं. आई ओटीवरून उठून आत गेली.

कमळाने पंढरीला फोन लावला. पंढरीने नीट सांगितलं: पट्टी काढून फेक, तेल पुसून कोरडं कर, टर्बोच्या लोखंडी तोंडाला उंच कड आहे तिच्यापलीकडे रबर जाऊ दे, आणि रबरावरची लोखंडी क्लिप कडेच्या मागेच आवळ. मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्यानं भल्यासाठीच केला असल. चावी दे त्याला. घरात वाद नको."

तिने फोन कापला. तोवर ती दिरावर रागावलेली होती. आता तो राग रस्ते ओलांडून पंढरीच्या ट्रेलरपर्यंत गेला.

विळ्याने पट्टी कापली. आत क्लिप कडेच्या अलीकडे, अगदी टोकाशी लटकत होती, आटे घासलेले. ती टेमघरच्या दुकानातून नवी क्लिप घेऊन आली. सांधा चिंधीने पुसला, परत पुसला. रबर हट्टाने कडेपलीकडे जाईना. तिने दात आवळून ते असं दाबलं की बोटांची सालं निघाली. क्लिप कडेमागे बसवून आवळताना ती पुटपुटत होती, आणि ते शब्द आक्काने कुणाला सांगितले नाहीत.

दुसऱ्या सकाळी बायका आल्या तेव्हा हितेश स्टेअरिंगवर बसलेला.

"उतर," कमळा म्हणाली.

"दादानं फोनवर काय सांगितला तुला?"

"दादा आला की त्याला पन हाच सांगेन. उतर."

मागून आक्काच म्हणाली, "हितेशा, गेट बंद व्हईल रं. आमचा खाडा तू भरशील?"

तो उतरला. दार इतकं जोरात आपटलं की कोंबड्या पांगल्या.

पुलाच्या चढावर कमळाने पाय दाबला आणि गाडी भरल्या पोटाने सरळ वर गेली. मागे बायका हसल्या, कुणी टाळी दिली. कमळा हसली नाही. गाव काल तिला हसलं होतं. आज तिची माफी मागायला कुणी येणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी तिने गाडी दारात लावली, चावी काढली आणि मंगळसूत्राच्या दोऱ्यात ओवली. सासूने ते पाहिलं. आणि ती भाकऱ्या थापायला आत गेली.