सगळ्या पानांखालचं नाव

ज्या पत्रकाखाली एकाही माणसाचं नाव नाही, त्यावर तुम्ही विश्वास ठेवता का?

माझे पप्पा ठेवत नसत. आमच्या गास गावातल्या विहिरींचं पाणी टँकरवाले उपसून नेतात, त्याविरुद्ध ते पत्रकं काढायचे. मी त्यांवरच वाचायला शिकले. इतरांच्या पत्रकांखाली 'आपले नम्र, समस्त ग्रामस्थ' असायचं. पप्पा चिडायचे, "या समस्तला फोन करता येतो का?" स्वतःच्या पत्रकाखाली ते आपलं नाव आणि नंबर छापायचे. शिव्या देणारे फोनही घ्यायचे. "हं, बोला. जेवलात का आधी?"

मी वेबसाइटचं काम शिकले तेव्हा या लढ्याची साइट केली. आधी प्रत्येक पानाच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे साच्यात, त्यांचं नाव नि नंबर हातानं लिहिला. त्यांनी नंबर बदलला, तर कितीतरी पानांवर जुनाच राहिला. मग साइट ज्या फ्रेमवर्कवर बांधली होती, त्यातलीच एक सोय सापडली. सगळ्या टेम्प्लेटना लागणारी माहिती एकाच जागी लिहायची, ती प्रत्येक पानावर आपोआप पोहोचते. पप्पा एकेक पान उघडून तळ बघत बसले. "म्हणजे मी सगळीकडे? तुझी मम्मी तर म्हणते, मी घरातसुद्धा नसतो!"

या उन्हाळ्यात ते गेले. महिना झाल्यावर त्यांच्यासाठी मिस्साची प्रार्थना झाली. नंतर चर्चच्या आवारात लढ्याच्या समितीतले चार-पाच जण जवळ आले. त्यांतले एक काका म्हणाले,

"बाळा, लोक अजून त्या नंबरवर फोन करतात. तुझी मम्मी उचलते नि रडते. साइटवरून त्यांचं नाव-नंबर काढून टाक."

"मग कुणाचं नाव घालू?"

सगळे चपलांकडे बघू लागले. शेवटी काकाच म्हणाले, "समस्त ग्रामस्थ घाल ना."

विहीर आटली की ती समस्तांची आटते. नाव द्यायच्या वेळी समस्त म्हणजे कुणीच नाही!

तरी घरी येऊन मी त्या एका जागची ओळ बदलून 'समस्त ग्रामस्थ' केली. विहिरींचं पान, बैठकांचं पान, फोटोंचं पान, सगळीकडून पप्पा एकदमच गेले. कागदाचं पत्रक निदान एखाद्या दुकानाच्या भिंतीवर पिवळं पडत राहतं. इथे डागही उरला नाही. शवपेटीवर माती टाकताना मी रडले नव्हते. आता रडले.

मम्मी मागे उभी होती. "तुझं नाव टाक. नंबर तोच राहू दे."

"पुन्हा रोज फोन येतील."

"येऊ देत. घर फार गप्प झालंय."

आता सगळ्या पानांखाली माझं नाव आहे. तुमच्या गावाच्या, तुमच्या सोसायटीच्या पुढच्या पत्रकाखाली 'समस्त' लिहू नका. तुमचं नाव लिहा. आणि फोन वाजला की उचला.