कमलाबाईंना वाचून न दाखवलेली ओळ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला का सांगते आहे? — खरंच ठाऊक नाही.

दोन हजार सहा साली मी चेन्नईत पीएच.डी. करत होते. आमचे प्रयोगशाळेतले लोक घराण्यात उतरणाऱ्या आजाराचं मूळ रक्तात शोधायचे; माणसांची बाजू माझ्याकडे. रक्त देणाऱ्याला आपण कशावर सही करतो ते कळतं का — हा माझा विषय. भारदस्त वाटतो ना? मलाही वाटायचा.

टी. नगरच्या मागच्या गल्लीत कमलाबाई राहायच्या. तंजावरकडच्या मराठी, शाळेत शिक्षिका. त्यांचा नवरा हातपाय लुळे पडत जाऊन वारला होता. मुलीला चांगलं स्थळ सांगून आलं होतं, आणि तोच आजार तिच्यात आहे का, एवढंच बाईंना कळायला हवं होतं. संमतीपत्र तमिळमध्ये छापलेलं. त्यांनी ते सहज वाचलं असतं. पण मी मराठीत बोलले, आणि त्यांनी कागद बाजूला सारला.

"तूं सांग मा. आपल्या भाषेंत ऐकतें."

मी सगळं सांगितलं. एक ओळ सोडून — तपासणीचा निकाल कुणालाही कळवला जाणार नाही, ही. चुकून राहिली म्हणू? नाही, चुकून नाही. सांगितली असती तर बाई मुलीला घेऊन उठल्या असत्या, आणि त्या घराण्याचं रक्त आम्हाला हवं होतं.

"रिपोर्ट यील ना, मा?"

"येईल," मी म्हटलं. मुलीने रक्तासाठी हात पुढे केला.

पुढे दर शनिवारी, शाळा सुटल्यावर, बाई आमच्या फाटकाशी यायच्या. मॅडम बाहेरगावी आहेत, असं सांगायला मी वॉचमनला बजावलं होतं. वरच्या खिडकीतून त्या दिसायच्या — छत्री मिटून बाकावर बसलेल्या. रिपोर्ट आल्याशिवाय होकार द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. वॉचमनला त्यांनीच सांगितलं. स्थळवाले चार महिने थांबले. मग त्यांनी दुसरी मुलगी पाहिली. तेव्हाही मी खाली उतरले नाही. त्यानंतर बाई यायच्या बंद झाल्या.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पुढच्याला काय म्हणाल?

माझ्या प्रबंधातलं सगळ्यात नावाजलेलं प्रकरण याच बाईंवर आहे. नाव बदललं, एवढंच. समजावून सांगितल्यावरही लोक संशोधनालाच उपचार समजतात आणि रिपोर्टची वाट पाहत बसतात — असं मी लिहिलं. माझे मार्गदर्शक सर खूश झाले. त्यावर मला नोकरी लागली.

आता मी तेच प्रकरण एम.ए.च्या वर्गाला शिकवते. दरवर्षी कुणीतरी विचारतंच — पण मॅडम, त्या बाईंना कुणी सांगितलं नव्हतं का?

सांगितलं होतं, मी म्हणते, पण माणूस आपल्याला हवं तेच ऐकतो.

मुलं खाली मान घालून ते वहीत उतरवून घेतात.